एक्सजे६ च्या हीटर होज आणि त्यांचे ब्रॅकेट: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

गाडी १९७६ ची जॅग्वार एक्सजे६, दुसरी मालिका. ४२३५ सीसीचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन, एसीसकट. तक्रार अशी की गाडी तापवून उभी केली की बॉनेटच्या मागच्या कडेने कूलंटचा गोडसर वास येतो आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरत जाते. जमिनीवर थेंब सापडत नाही, कारण जे काही गळतं ते गरम इंजिनावरच उडून जातं.

या गाडीत हीटरचं गरम पाणी इनलेट मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या भागाच्या) मागच्या टोकातून निघतं, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरच्या) व्हॅक्यूमने चालणाऱ्या वॉटर व्हॉल्व्हमधून आत हीटरच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या रेडिएटरमध्ये, जातं. परतीचं पाणी एका लोखंडी पाइपातून येतं. हा पाइप इनलेट मॅनिफोल्डच्या पोटाखालून पुढे वॉटर पंपापर्यंत जातो. मधले सगळे सांधे रबरी होजचे, म्हणजे लवचिक नळ्यांचे.

बॉनेट पुढच्या बाजूला उघडत असल्यामुळे फायरवॉलपर्यंत हात बरा पोचतो. टॉर्च लावून पाहिलं तर होज नव्या वाटत होत्या. क्लिपाही चकचकीत. पण होजला धरून ठेवणारं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. जुने ब्रॅकेट कधीतरी काढून टाकलेले, आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्यातल्या एका पट्टीने हीटरची होज थेट पेट्रोलच्या पाइपाला बांधलेली.

व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोट फिरवलं तर चिकट, हिरवट पापुद्रा लागला. फायरवॉलमधून बाहेर येणाऱ्या दोन नळ्यांपैकी खालची किंचित खाली झुकलेली दिसली. होजचं वजन, आतल्या पाण्याचं वजन आणि इंजिनाचा प्रत्येक हिसका त्या नळीवर येत होता. ही नळी जाते मॅट्रिक्सकडे, आणि या गाडीत मॅट्रिक्सपर्यंत पोचायचं म्हणजे डॅशबोर्ड उतरवायचा. मॅट्रिक्स अजून कोरडा आहे, गालिच्याखाली ओल नाही. तो तसाच कोरडा राहावा यासाठी हे सगळं काम.

म्हणून होज बदलणं हा भाग दुय्यम धरला आहे. खरं काम ब्रॅकेटचं: होजचं वजन आणि हालचाल नळ्यांच्या टोकांवर येता कामा नये.

५ ऑक्टोबर

काहीही सोडवण्याआधी फोटो काढले. वरून, खालून, चाकाच्या बाजूने. प्रत्येक होजशेजारी मोजपट्टी धरून. पार्ट्स कॅटलॉगच्या चित्रांशी ताडून पाहिलं. कॅटलॉगच्या चित्रातून कोणता भाग कशाला जोडला जातो ते कळतं, पण होज कोणत्या कोनात वळते आणि कशाच्या किती जवळून जाते ते कळत नाही. ते कळायला गाडीवरच्या खुणा वाचाव्या लागतात. रंगावर जिथे ब्रॅकेट बसलेला होता तिथे चौकोनी फिकट डाग राहतो. फायरवॉलवर असे दोन सापडले, त्यातल्या एकात मूळ भोक शाबूत. मॅनिफोल्डच्या खालच्या दोन स्टडवर (नट बसणाऱ्या आट्यांच्या सळयांवर) आटे जास्त लांब बाहेर आलेले होते, म्हणजे तिथे नटाखाली पूर्वी पत्र्याचा काहीतरी तुकडा होता. मूळ मार्ग या खुणांवरून जुळवला.

त्यानंतर जाड तांब्याची तार घेऊन प्रत्येक होजच्या मार्गाने वाकवली आणि बाजूला ठेवून दिली. नवी होज कापताना याच तारा मापाला लागतील.

८ ऑक्टोबर

कूलंट थंड इंजिनावर काढला. रंग तपकिरी. लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड असं जोडकाम असलेल्या या इंजिनात गंजरोधक संपलेला कूलंट ठेवणं फार महाग पडतं. जुन्या पद्धतीचा हिरवा कूलंट दोन वर्षांनी बदलायचाच.

होज काढताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. अडकलेली होज पिळून किंवा ओढून काढू नये, विशेषतः फायरवॉलच्या नळ्यांवरून. क्लिप ढिली करून ब्लेडने होज लांबीत चिरायची आणि केळ्याच्या सालीसारखी उलगडायची. ब्लेड नळीच्या धातूवर टेकवू नये, कारण तिथे पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. होज तशीही टाकूनच द्यायची आहे, तिला वाचवण्यात काही मिळत नाही. मॅट्रिक्सची नळी मात्र एका पिळाने सुटू शकते.

काढलेल्या होज आतून पाहिल्या. बाहेरून नव्या दिसणाऱ्या फीडच्या होजला आत टोकापासून तीन-चार सेंटीमीटरवर लांबीत जाणाऱ्या बारीक भेगा होत्या. कूलंट आणि दोन वेगळे धातू मिळून एक प्रकारचा विद्युतघट तयार होतो आणि तो रबराला आतून खातो. बाहेरचा थर शेवटपर्यंत छान राहतो. तपासायचं असेल तर इंजिन थंड असताना होज टोकाजवळ दोन बोटांत दाबून पाहावी आणि मग मधोमध दाबून पाहावी. टोकाजवळ ती जास्त मऊ लागली किंवा आत खाच असल्यासारखी बोटाला जाणवली तर बदलावी.

पेट्रोलच्या पाइपाला बांधलेल्या होजला पट्टीच्या जागी एक खोलगट घासलेला चर होता. चराच्या तळाशी आतल्या दोऱ्याची वीण उघडी पडलेली. पेट्रोलचा पाइप गरम होजला टेकलेला असेल तर उन्हाळ्यात कार्ब्युरेटरला वाफ पोचते आणि गाडी गरम झाल्यावर चालू व्हायला त्रास देते ते वेगळंच. या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवणं हे नव्या मार्गाचं पहिलं कलम.

११ ऑक्टोबर

परतीचा लोखंडी पाइप. दुरून काळ्या रंगात ठीक दिसत होता. इनलेट मॅनिफोल्डखाली आरसा सरकवून पाहिलं तर क्लिपखालचा भाग फुगलेला. मूळ क्लिप नुसत्या पत्र्याची असल्यामुळे पाइप आणि पत्र्यामध्ये ओल धरून राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकं टेकवलं आणि ते आत गेलं.

पाइप बाहेर काढणं हे सगळ्या कामातलं सर्वात वेळखाऊ काम ठरलं. मॅनिफोल्डचे खालचे नट वरून दिसतच नाहीत. लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट लावून, अर्धे खालून, अर्धे चाकाच्या कमानीच्या बाजूने काढावे लागले. सोडण्याआधी दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहिलो. एक स्टड नटासकट बाहेर आला. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये हे व्हायचंच, आणि नट तिथेच मोडण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. नवा स्टड बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलं.

एक सूचना: इथले स्टड ५/१६ इंची यूएनएफचे (बारीक आट्यांच्या इंची मानकाचे), इंचाला २४ आटे. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे हातात घेतल्यावर आठ मिमीचा मेट्रिक नट बसेल असं वाटतं. तो बसत नाही, आणि जोर लावला तर आटे खातो. नट-वॉशरचा डबा उघडण्याआधी आट्यांचा गेज लावून बघावं.

१४ ऑक्टोबर

नवा परतीचा पाइप स्टेनलेस स्टीलचा घेतला. एकूण खर्चाचा सर्वात मोठा वाटा यावरच गेला. साध्या लोखंडाचा वाकवून घेता आला असता, पण तो काढण्या-बसवण्याचा त्रास पुन्हा नको होता.

पाइप तयार आला तरी त्याच्या टोकांना उंचवटा नव्हता, टोकं सरळ कापलेली. होजच्या आत नळीच्या टोकाला एक गोल उंचवटा असावा लागतो. क्लिप त्याच्या मागे बसते आणि दाब आला तरी होज मागे सरकत नाही. सरळ टोकावर कितीही घट्ट क्लिप लावली तरी गरम पाण्याच्या दाबाने होज मिलीमीटर-मिलीमीटर करत उतरते. टोकांना फ्लेअरिंगच्या (नळीचं तोंड पसरवणाऱ्या) साधनाने पहिला अर्धा टप्पा देऊन उंचवटा करून घेतला. पूर्ण फ्लेअर करायचा नाही, फक्त ओठ बाहेर यायला हवा. मग बारीक कानशीने आणि एमरी कापडाने कड गोल केली. धारदार कड होजच्या आतल्या भिंतीला कापते.

पाइप कोरडाच जागेवर ठेवून पाहिला तर मागच्या बाजूला मूळ पाइपापेक्षा साधारण एक बोटभर आखूड. ही उणीव होजने भरून काढता येते, पण मग होज लांब होते आणि लांब होजला आणखी एक आधार लागतो. तशी नोंद करून पुढे गेलो.

१६ ऑक्टोबर

होज कोणती घ्यायची यावर बराच विचार केला.

सिलिकॉनची होज दिसायला सुरेख आणि उष्णता सहन करते. पण ती मऊ असते. साध्या वर्म-ड्राइव्ह (स्क्रू फिरवून आवळायच्या) क्लिपच्या पट्टीतल्या खाचा तिच्यात रुततात आणि पृष्ठभाग कापतात. तिला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप हवी. शिवाय सिलिकॉनमधून पाण्याची वाफ थोडी-थोडी पाझरत राहते, त्यामुळे पातळी किंचित उतरते आणि आपण नसलेली गळती शोधत बसतो. इंजिनाच्या तेलाचा किंवा पेट्रोलचा संपर्क आला तर ती फुगते. एक्सके इंजिनाच्या मागच्या भागात तेलाचा ओलावा कधी ना कधी येतोच.

तरी एका सांध्यावर सिलिकॉन लावून पाहिली. इंजिन गरम करून थंड केलं, आणि दुसऱ्या दिवशी क्लिपच्या कडेला पांढरट वाळलेली रेघ. क्लिप बदलून पाहिली, रेघ कमी झाली पण गेली नाही. काढून टाकली.

ईपीडीएम या कृत्रिम रबराची होज ठरवली. एसएई जे२०आर३, वर्ग डी३. हे हीटर होजचं मानक आहे, होजवर छापलेलं असतं. ईपीडीएमला ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) चालतं, उष्णता चालते, पण पेट्रोल आणि खनिज तेल अजिबात चालत नाही. म्हणून जिथे इंधनाचा थेंब पडण्याची शक्यता तिथून तिला बाजूने नेणं हे पुन्हा ब्रॅकेटवरच येतं.

क्लिपा नेहमीच्या वर्म-ड्राइव्ह. हा क्लिपचा प्रकार जुबिली नावाने ओळखला जातो; ब्रिटिश नौदलातले कमांडर लमली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कडा वर वळवलेली पट्टी असलेली क्लिप घ्यावी, ती रबर कापत नाही.

१९ ऑक्टोबर

आज ज्या कामाला सर्वात जास्त महत्त्व देतो ते केलं: इंजिन किती हलतं ते मोजलं.

मॅनिफोल्ड आणि परतीचा पाइप इंजिनाबरोबर हलतात. व्हॉल्व्ह आणि फायरवॉल गाडीच्या अंगाबरोबर स्थिर राहतात. हीटरच्या दोन्ही होज या दोन जगांमधला पूल आहेत. बंद इंजिनावर सुबक दिसणारा मार्ग चालू इंजिनावर ताणला जातो.

चारही चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, समोर कोणीही उभं नाही. मॅनिफोल्डला एक लाकडी काडी टेपने चिकटवली, तिचं टोक फायरवॉलवर चिकटवलेल्या कागदाजवळ आणि टोकाला खडू. मदतीला असलेल्या मित्राने ब्रेक घट्ट दाबून ऑटोमॅटिक गिअरच्या डी (पुढे) मध्ये क्षणभर ॲक्सिलरेटर दिला, मग आर (मागे) मध्ये. कागदावर उभी रेघ उमटली. एका बाजूला आठ मिमी, दुसऱ्या बाजूला पाच. म्हणजे एकूण तेरा मिमी. इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी माउंट जुने असतील तर हा आकडा याहून बराच मोठा येईल. माउंट बदलायचे असतील तर ते आधी बदलावेत आणि मगच होजची लांबी ठरवावी.

या आकड्यावरून दोन गोष्टी ठरल्या. पहिली: इंजिनावरचा शेवटचा आधार आणि फायरवॉलवरचा पहिला आधार यांच्यामध्ये होजला सैल कमान हवी. दुसरी: ती कमान आडवी हवी, उभी नको. उभ्या कमानीच्या डोक्यावर हवा अडकते आणि हीटर थंड राहतो.

कमान किती ठेवायची हे वाकवून ठरवलं. होज हळूहळू वाकवत गेलं की एका क्षणी बाहेरची बाजू चपटी व्हायला लागते. तिथून मागे यायचं. होज पूर्ण मुडपण्याची वाट बघू नये. चपटी झाली की आतला मार्ग अरुंद झालेलाच असतो, आणि गरम झाल्यावर रबर मऊ पडून ती आणखी बसते. व्हॉल्व्हकडून खाली येणारं वळण फार कमी जागेत होतं. तिथे सरळ होज जमेना, म्हणून साच्यात घडवलेली काटकोनी होज घेऊन तिची दोन्ही टोकं मापाने कापली.

२२ ऑक्टोबर

जागा किती मोकळी राहते ते बघायला खेळायची मऊ माती वापरली. होज तात्पुरत्या बसवल्या, आणि जिथे होज कशाच्याही जवळून जाते तिथे मातीचे छोटे गोळे चिकटवले: एसीची होज, किकडाउनची (ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सकडे जाणारी) केबल, स्टिअरिंगच्या बाजूची कड. इंजिन पुन्हा डी आणि आर मध्ये हलवलं. नंतर गोळे कापून जाडी मोजली.

केबलजवळचा गोळा पूर्ण चपटा झालेला, जेमतेम कागदाइतका. डोळ्याला तिथे बोटभर जागा दिसत होती. होज पहिल्या आधाराच्या जागी वीस मिमी आतल्या बाजूला घेतली आणि पुन्हा गोळा लावला. आता बारा मिमी राहिले. एसीच्या होजजवळही असाच एक फरक केला. थंड नळी आणि गरम नळी एकमेकींना टेकल्या तर दोन्हींचं नुकसान.

२५ ऑक्टोबर

ब्रॅकेट. एकूण चार लागले: दोन मॅनिफोल्डच्या स्टडवर, दोन फायरवॉलच्या जुन्या खुणांवर.

होज आणि पाइप धरायला रबराचं अस्तर असलेल्या पी-क्लिपा (पी अक्षराच्या आकाराच्या धातूच्या पट्ट्या). अस्तर ईपीडीएमचंच घ्यावं. आकार नेमका हवा. सैल पी-क्लिपमध्ये होज हलते आणि अस्तरासकट घासते. घट्ट पी-क्लिप होजचा गळा आवळते. होज पाण्याने भरून गरम झाली की थोडी फुगते, म्हणून थंड असताना ती पी-क्लिपमध्ये बोटाने फिरवता येईल इतपत ठेवली. परतीच्या पाइपावर मात्र क्लिप घट्ट हवी, कारण तिथे पाइपाने इंजिनाबरोबरच हलायचं आहे.

पी-क्लिपची दिशाही पाहावी लागते. वजन तिच्या गोल पोटावर पडलं पाहिजे, तोंडाकडच्या दोन पाकळ्यांवर नाही. पाकळ्यांवर भार आला तर त्या हळूहळू उघडतात.

मॅनिफोल्डच्या स्टडवरचे ब्रॅकेट मॅनिफोल्डच्या नटाखालीच बसतात, म्हणून इथला पत्रा सपाट आणि नेमका हवा. ब्रॅकेटचा पत्रा तिरका बसला तर नट मॅनिफोल्डला नीट दाबत नाही आणि इनलेटमधून हवा ओढली जाते. भोकाच्या कडेचे कुसळ कानशीने पूर्ण काढले. नट कसल्यावर स्टडचे किमान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत, ते दिसले.

पत्रा १.६ मिमीचा वापरला. स्टडपासून पी-क्लिपपर्यंतचा हात मागच्या ब्रॅकेटला साधारण नव्वद मिमी लांब, पाइप आखूड आल्यामुळे.

२७ ऑक्टोबर

जोडणी. होजच्या टोकांना आतून फक्त थोडा कूलंट लावून नळ्यांवर चढवल्या. ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. होज नळीच्या उंचवट्याच्या पलीकडे पुरेशी आत जावी आणि क्लिप उंचवट्याच्या मागे काही मिमी अंतरावर यावी. क्लिप उंचवट्यावरच बसली तर ती एका बाजूला दाबते आणि दुसऱ्या बाजूला पाझरते. क्लिपांची डोकी अशी वळवली की नंतर कसायला स्क्रू ड्रायव्हर सरळ पोचेल. बसवताना हे कोणी लक्षात घेत नाही, आणि नंतर एका क्लिपसाठी अर्धं इंजिन सोडावं लागतं.

फायरवॉलच्या नळ्यांवर होज चढवताना नळीला दुसऱ्या हाताने मागून आधार दिला. झुकलेली नळी सरळ करायचा प्रयत्न केला नाही. ती जशी आहे तशी धरून होज तिच्या रेषेत आणली आणि पहिला आधार तिथून अगदी जवळ ठेवला. आता त्या नळीवर होजचं वजन नाही. होज पी-क्लिपमधून सोडली तरी नळी जागची हलत नाही, हे हात लावून पाहिलं.

मग दाबाची चाचणी. हातपंपाने रेडिएटरच्या कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब दिला, त्याहून जास्त नाही. जुन्या मॅट्रिक्सवर जास्त दाब देणं धोक्याचं. काटा हळूहळू उतरला. टिश्यू पेपरचे तुकडे प्रत्येक सांध्याभोवती गुंडाळले आणि पुन्हा दाब दिला. ओला तुकडा व्हॉल्व्हच्या तोंडाजवळचा निघाला. होज आणि क्लिप ठीक होत्या. व्हॉल्व्हच्या नळीवरच जुन्या क्लिपच्या खाचा आणि पांढऱ्या क्षाराची खपली. व्हॉल्व्ह काढला तर अंगालाही बारीक चीर. मूळ वास इथूनच येत होता. नवा व्हॉल्व्ह बसवला. काटा आता स्थिर.

२८ ऑक्टोबर

अर्धं ग्लायकॉल, अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरलं. अशा मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर १०६ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि १५ पीएसआय दाबाखाली १२९ च्या आसपास. दाब टिकवणारी प्रत्येक होज आणि क्लिप हा फरक सांभाळत असते, म्हणून जुनी कॅपही बदलली.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवला. या गाडीत व्हॉल्व्ह व्हॅक्यूमने बंद होतो; व्हॅक्यूम नसेल तर तो उघडाच असतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही पाणी मॅट्रिक्समध्ये जातं. तरी आत हवा राहतेच. गाडीचं तोंड उतारावर वरच्या बाजूला करून, कॅप उघडी ठेवून, इंजिन मंद चालवून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. फीड आणि परतीच्या दोन्ही होज हाताला सारख्या गरम लागल्या, तेव्हा मॅट्रिक्समधून प्रवाह चालू असल्याचं समजलं. एक गरम आणि एक कोमट असती तर हवा किंवा गाळ अडकलेला असता.

इंजिन थंड झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा कसल्या. प्रत्येक क्लिप थोडी-थोडी फिरली. नवं रबर पहिल्या उष्णतेने दबतं, त्यामुळे हे दुसऱ्यांदा कसणं टाळू नये.

१६ नोव्हेंबर

मागचा ब्रॅकेट मोडला. पूर्ण तुटला नाही, पण वळणाच्या आतल्या कडेवर केसाएवढी चीर, रुंदीच्या अर्ध्याहून जास्त गेलेली. नियमित तपासणीत टॉर्च तिरपी धरल्यावर दिसली.

कारणं तपासली. हात लांब, पत्रा पातळ, टोकाला पाण्याने भरलेल्या होजचं आणि पाइपाचं वजन. मंद वेगावर इंजिन चालताना ब्रॅकेटच्या टोकाला बोट लावलं तर तो गुणगुणत होता. त्याहून मोठं कारण वळण. व्हाइसच्या धारदार कडेवर काटकोनात वाकवल्याने आतल्या कडेवर पत्र्याला आधीच बारीक खाच पडलेली असणार. आणि वाकवण्याची रेघ पत्र्याच्या लाटण्याच्या दिशेला समांतर होती. पत्रा कारखान्यात ज्या दिशेने लाटला जातो त्या दिशेला धागे असतात; वळण त्या धाग्यांना आडवं घ्यायचं, समांतर घेतलं की तिथून चिरतं.

नवा ब्रॅकेट तीन मिमीच्या पत्र्याचा. वाकवताना व्हाइसच्या जबड्यावर गोल सळई ठेवून वळणाला पत्र्याच्या जाडीएवढी तरी त्रिज्या दिली. आतल्या कोपऱ्यात छोटी तिकोनी पट्टी वेल्ड केली. हात नव्वदवरून पन्नासवर आणला, आणि राहिलेलं अंतर भरून काढायला शेजारच्या स्टडवर आणखी एक छोटा आधार वाढवला. म्हणजे आता चारचे पाच. त्यात एक दिवस आणि वेल्डिंगचा खर्च गेला. बोट लावून पाहिलं, आता कंप जाणवत नाही. बाकीचे तीनही ब्रॅकेट काढून चिरांसाठी पाहिले, ते शाबूत आहेत. त्यांचे हात आखूड आहेत.

१९ नोव्हेंबर

दुसऱ्या गाड्यांवर हेच काम करणाऱ्यांसाठी थोडं. मार्ग वेगळा असला तरी कोणत्या नाजूक टोकाला भारापासून वाचवायचं हे आधी शोधावं.

रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो (१९६५ ते १९८०) मध्ये व्ही८ इंजिनाच्या दोन बँकांमधल्या (सिलिंडरच्या रांगांमधल्या) खोलगट जागेत ब्रेकच्या हायड्रॉलिकचे पंप असतात. त्या गाडीत आरआर३६३ हा ब्रेक फ्लुइड वापरतात. तो रंगाला खातो, पण ईपीडीएमला चालतो. १९८० पासूनच्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये मात्र खनिज तेल आलं, आणि खनिज तेलाने ईपीडीएम फुगून निकामी होतं. त्या गाडीवर होज नेताना हायड्रॉलिकच्या प्रत्येक जोडाखालून जाणं टाळावं.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मर्सिडीझ डब्ल्यू११६ मध्ये, जिथे स्वयंचलित क्लायमेट कंट्रोल आहे तिथे, कूलंट एका सर्व्होच्या (हीटरचं पाणी आणि हवा आपोआप नियंत्रित करणाऱ्या भागाच्या) प्लॅस्टिकच्या अंगातून जातो. ही रचना क्रायस्लरच्या ऑटो-टेम्प २ वरून घेतलेली. ते प्लॅस्टिक चिरतं. त्याला जोडलेली होज कडक झालेली असेल आणि तिला आधार नसेल तर सर्व्हो कितीही नवा घातला तरी ती त्याला ओढतच राहणार.

एक्सजे१२ वर (याच गाडीच्या बारा सिलिंडरच्या आवृत्तीवर) काम करणाऱ्यांनी उष्णतेचा हिशेब वेगळा करावा. त्या इंजिनाच्या कप्प्यात उष्णता इतकी साचते की जॅग्वारने बॅटरीला थंड करायला वेगळा छोटा पंखा दिला होता. तिथे होजची तपासणी एक्सजे६ पेक्षा लवकर-लवकर हवी, आणि एक्झॉस्टच्या बाजूने जाणाऱ्या होजला पत्र्याची उष्णतारोधक ढाल हवीच. ढाल होजला बांधू नये. तिला स्वतःचा ब्रॅकेट द्यावा आणि मध्ये हवा खेळती ठेवावी.

१४ डिसेंबर

लांबचा प्रवास करून आल्यावर पुन्हा तपासणी. पातळी जागेवर. टिश्यू पेपर सगळ्या सांध्यांवर कोरडा. होजवर पी-क्लिपच्या कडेला घासल्याच्या खुणा नाहीत. होजवर पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा मारून ठेवल्या होत्या, त्या पुसल्या गेलेल्या नाहीत. नवा मागचा ब्रॅकेट टॉर्च तिरपी धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, चीर नाही. फायरवॉलची खालची नळी जिथे होती तिथेच आहे.

एकच गोष्ट बदलली. परतीच्या पाइपाच्या पुढच्या टोकाची, वॉटर पंपाजवळची छोटी होज पंख्याच्या पट्ट्याच्या दिशेला किंचित फुगवटा घेत होती. तिथे पाचवा आधार पोचत नाही. ती होज दहा मिमी आखूड कापून परत बसवली, पट्ट्यापासून आता दोन बोटं अंतर. हाच सांधा पुढच्या तपासणीत आधी बघायचा. तांब्याच्या तारांची मापं आणि पाचही ब्रॅकेटचे कागदी साचे जपून ठेवले आहेत. मूळ पाइप ज्यांच्याकडे शाबूत असेल त्यांनी मागच्या ब्रॅकेटचा हात माझ्यापेक्षा आखूड धरावा.